कंपनीची शेअरपॉइंट साइट तुमच्या गळ्यात पडली आहे? मग इथून सुरुवात करा

रात्री अकराच्या सुमाराला फोन वाजला. तिसऱ्या पाळीचे सुपरवायझर होते. "बाय, मशीन साफ करपाचो नवो फॉर्म खंय आसा?" मी म्हटलं, साइटवर आहे. ते म्हणाले, साइटवर चार आहेत, त्यातला नवा कुठला?

चारही फायली खरंच होत्या. एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवीन', तिसरीचं 'फायनल २' आणि चौथीच्या नावात फक्त तारीख. दुसऱ्या दिवशी कळलं की एका लाइनवर पंधरा दिवस जुनाच फॉर्म भरला जात होता. चूक त्या माणसांची नव्हती. कुठला कागद खरा आणि त्याचा मालक कोण, हे आमच्यापैकी कुणी ठरवलंच नव्हतं.

मी फोंड्याची. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात दस्तऐवजांचं काम बघते. आमचं दुसरं युनिट वेर्ण्याला आहे. आयटी बघणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला आणि कंपनीची अंतर्गत साइट माझ्याकडे आली. मला कोडिंग येत नाही, आजही येत नाही. पण ती साइट आता लोक रोज उघडतात. गोव्यात हॉटेलांपासून पतसंस्थांपर्यंत अनेक ठिकाणी मायक्रोसॉफ्ट ३६५ विकत घेतलेलं असतं, त्यातलं शेअरपॉइंट, म्हणजे कंपनीच्या फायली आणि माहितीची पानं एका जागी ठेवायची अंतर्गत साइट, नुसतं पडून असतं आणि एक दिवस ते ऑफिसमधल्या कुणाच्या तरी हातात दिलं जातं. त्या कुणासाठी तरी हे लिहिते आहे.

आधीच एक सूचना. शेअरपॉइंट २००१ पासून आहे. आजचा त्याचा चेहरामोहरा २०१६ नंतर आला, आणि कम्युनिकेशन साइट नावाचा प्रकार २०१७ मध्ये. शिकण्यासाठी व्हिडिओ बघाल तेव्हा तो कधीचा आहे ते पाहा. जुन्या, म्हणजे 'क्लासिक' पडद्यांवरची बटणं तुमच्याकडे दिसणारच नाहीत आणि आपलंच काही चुकतंय असं वाटत राहील. माझा पहिला आठवडा त्यातच गेला.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- साइटवर तुम्ही 'ओनर' आहात याची खात्री. 'मेंबर' असाल तर अर्धी सेटिंग्ज दिसत नाहीत.
- कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ चा ॲडमिन कोण, त्याचा फोन नंबर. बाहेरची एजन्सी असेल तर तिथल्या माणसाचा.
- कर्मचाऱ्यांची यादी: नाव, विभाग, युनिट, कंपनीचा ईमेल आहे की नाही.
- सध्या वापरात असलेल्या फॉर्मची आणि एसओपींची (काम करायच्या ठरलेल्या पद्धतीच्या कागदांची) यादी, प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचं नाव.
- सुट्ट्यांची यादी, बसचं वेळापत्रक, महत्त्वाचे फोन नंबर.
- साधा कर्मचारी म्हणून लॉगिन करता येईल असं एक चाचणी खातं. हे मिळवाच. का ते पुढे येईल.
- मराठी टाइप करण्यासाठी युनिकोड कळफलक. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आहे, आणि २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी कळफलकही मिळतो.
- मोठा कागद आणि पेन्सिल.

१. आधी कागद, मग संगणक

साइट उघडून बटणं दाबायचा मोह आवरा. दोन दिवस फिरा. गेटवर, कँटीनमध्ये, स्टोअरमध्ये, लेखा विभागात प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात कुठला कागद किंवा कुठली माहिती शोधताना तुमचा वेळ गेला?

मला वाटलं होतं, लोक धोरणं आणि परिपत्रकं सांगतील. त्यांनी सांगितलं ते असं: साखळी गावाची बस पावसात किती वाजता निघते, रजेचा फॉर्म, गेटपास, पगाराबद्दल कुणाला विचारायचं, आज कँटीनला काय आहे, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) रजेचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा. ही यादी म्हणजेच तुमचं मुखपृष्ठ. व्यवस्थापकीय संचालकांचा संदेश तिथे पहिल्या नंबरला बसत नाही. तो साइटवर असावा, पण खाली. आमच्या साहेबांना हे मी यादी दाखवून सांगितलं आणि त्यांना लगेच पटलं.

मग कागदावर चौकोन काढा. एक चौकोन म्हणजे एक विभाग. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी लिहा: इथे काय ठेवणार, ते कोण बदलणार, ते कोण वाचणार. ज्या चौकोनात 'कोण बदलणार' रिकामं राहील, तो चौकोन साइटवर करूच नका. मालक नसलेलं पान सहा महिन्यांत शिळं होतं, आणि एक शिळं पान दिसलं की लोकांचा सगळ्या साइटवरचा विश्वास उडतो.

२. टीम साइट की कम्युनिकेशन साइट

नवीन साइट करताना शेअरपॉइंट हे पहिलंच विचारतं आणि बहुतेक जण अंदाजाने एक निवडतात.

टीम साइट म्हणजे काम करायची खोली. पाच-पंधरा माणसं, सगळ्यांनी फायली बदलायच्या. ती करताना तिच्यासोबत सहसा एक मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप तयार होतो, म्हणजे सामाईक मेलबॉक्स आणि कॅलेंडरही. कम्युनिकेशन साइट म्हणजे सूचनाफलक. लिहिणारे चार, वाचणारे सगळे.

आमच्याकडे आधी सगळं एकाच टीम साइटवर होतं आणि दीडशेच्या आसपास माणसं त्यात मेंबर होती. म्हणजे दीडशे जणांना कुठलीही फाइल बदलायचा, पुसायचा अधिकार! आता एक कम्युनिकेशन साइट सगळ्यांसाठी आहे आणि गुणवत्ता, मनुष्यबळ, देखभाल, लेखा यांच्या वेगळ्या टीम साइट. त्यांना एकत्र बांधायला 'हब' असतो. हबमुळे वरचा मेनू आणि रंगरूप सगळीकडे सारखं होतं, शोधही एकत्र चालतो. साइटला हब करायचं काम ॲडमिनकडून करून घ्यावं लागतं.

हबला जोडलं म्हणून परवानग्या एक होत नाहीत. लेखा विभागाची साइट हबमध्ये असली तरी तिचं कुलूप वेगळंच राहतं. हे व्यवस्थापनाला आधीच समजावून सांगा, नाहीतर 'जोडू नका, पगार दिसतील' अशी भीती मध्येच आडवी येते.

३. घड्याळ गोव्याचं करा

छोटी पायरी आहे, पण ती वगळल्याचा त्रास मोठा. नवीन साइटचं प्रादेशिक सेटिंग पुष्कळदा अमेरिकेचं येतं. वेळ पॅसिफिक किनाऱ्याची, तारीख आधी महिना मग दिवस. आमच्या रजेच्या यादीत ५ जूनची रजा कुणी ६ मे वाचली, कुणी ५ जून.

साइट सेटिंग्जमध्ये 'रीजनल सेटिंग्ज' उघडा. टाइम झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी ओळ दिसेल, ५:३० तास पुढे असलेली. ती निवडा. लोकेल, म्हणजे तारीख लिहायची पद्धत, इंग्रजी-इंडिया ठेवा. हे प्रत्येक साइटवर वेगळं करावं लागतं. ॲडमिनने नव्या साइटसाठी टाइम झोन एकदाच ठरवून ठेवला तर पुढच्या साइटना तरी हा त्रास होत नाही.

४. कोणाला काय दिसणार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आपल्या गोव्यात जत्रेत, उत्सवात नाटक बसवायची सवय गावोगाव आहे, तेव्हा तसंच समजून घेऊ. ओनर म्हणजे नाटक बसवणारा दिग्दर्शक: कोण आत, कोण बाहेर, पडदा कधी, हे तो ठरवतो. मेंबर म्हणजे रंगमंचावरचे नट, त्यांना सामान हलवता येतं. व्हिजिटर म्हणजे प्रेक्षक, त्यांनी बघायचं. प्रत्येक साइटवर हे तीन गट तयारच मिळतात. दिग्दर्शक दोन असावेत. एकच असेल आणि तो रजेवर किंवा नोकरी सोडून गेला तर अडून राहाल. आणि पाच झाले, की कुणी काय बदललं याचा पत्ता लागत नाही.

माणसाला गटात घाला, गटाला परवानगी द्या. एकेका माणसाच्या नावाने एकेका फाइलवर परवानगी देत सुटू नका. वरच्या साइटची परवानगी खालच्या लायब्ररीला (साइटवरच्या फायलींच्या कपाटाला), फोल्डरला, फाइलला आपोआप लागू होते. तुम्ही एखाद्या फोल्डरवर वेगळी परवानगी दिली की ती साखळी तिथे तुटते. अशी तुटलेली ठिकाणं वाढत गेली की दोन महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही, अमुक फाइल कोण बघू शकतो. एखादा विभाग खरोखर गुप्त असेल तर त्याची स्वतंत्र साइट करा. फोल्डरला कुलूप लावण्यापेक्षा खोली वेगळी असलेली बरी.

लोक नकळत ही साखळी तोडतात ते 'शेअर' बटणाने. फाइलची लिंक पाठवताना चार पर्याय येऊ शकतात: लिंक असलेला कुणीही, कंपनीतले सगळे, ज्यांना आधीच परवानगी आहे ते, आणि नाव घेऊन ठरावीक माणसं. नेहमीच्या कामासाठी तिसरा वापरा. त्याने कुणाला नवा अधिकार मिळत नाही, फक्त वाट दाखवली जाते. पहिला पर्याय ॲडमिनला सांगून बंदच करून घ्या. ती लिंक व्हॉट्सॲपवर गेली की कुणाकुणाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही, आणि गोव्यात एका गटातली गोष्ट दुसऱ्या गटात जायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरतो.

आमच्याकडे एकदा कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती अशा फोल्डरमध्ये सापडल्या, जो सगळ्यांना उघडत होता. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कंत्राटदाराला एक फाइल हवी होती, घाईत अख्खा फोल्डर 'कंपनीतले सगळे' असा शेअर झाला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अशी माहिती नीट सांभाळणं ही कंपनीची जबाबदारी आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या माणसांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते.

तपासायचं कसं? दोन उपाय.

पहिला: साइट परमिशन्समध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. तिथे 'चेक परमिशन्स' असं बटण आहे. नाव टाका, त्या माणसाला काय अधिकार आहे आणि कुठल्या गटामुळे, ते दिसतं.

दुसरा माझा आवडता, त्यासाठीच ते चाचणी खातं. शेअरपॉइंटचा शोध ज्याला जे उघडता येतं तेवढंच दाखवतो. म्हणून साध्या कर्मचाऱ्याच्या खात्याने आत जा आणि शोधाच्या चौकटीत 'पगार', 'आधार', 'मेडिकल', 'राजीनामा', 'पासवर्ड' असे शब्द एकामागून एक टाका. जे दिसायला नको ते दिसलं, तर भोक सापडलं. इंग्रजी स्पेलिंगनेही शोधा. मी हे दर दोन महिन्यांनी करते. पहिल्या खेपेला अकरा फायली निघाल्या होत्या.

५. लायब्ररी: फोल्डर कमी, कॉलम जास्त

आपल्याला सवय असते फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर. 'गुणवत्ता', त्यात '२०२३', त्यात 'लाइन २', त्यात 'जुने'. संगणकावर हे चालून गेलं. साइटवर दोन अडचणी येतात. एक, संपूर्ण पत्त्याची लांबी ४०० अक्षरांच्या आत लागते. दोन, 'लाइन २ चे सगळ्या वर्षांचे फॉर्म' एकत्र बघायचे तर बघता येत नाहीत.

त्याऐवजी लायब्ररीत कॉलम करा: विभाग, युनिट, कागदाचा प्रकार, मालक, पुढच्या तपासणीची तारीख. विभाग आणि प्रकार 'चॉइस' ठेवा, म्हणजे यादीतून निवडायचं. मोकळं लिहायला दिलंत तर 'देखभाल', 'मेंटेनन्स', 'मेंटेनंस' असे तीन विभाग तयार होतील. मग व्ह्यू, म्हणजे यादी गाळून दाखवणारी दारं, करा: 'वेर्णा युनिट', 'या महिन्यात तपासायचे', 'फक्त फॉर्म'. फाइल एकदाच ठेवलेली, पण दारं अनेक.

यादी मोठी होणार असेल तर ५,००० हा आकडा लक्षात ठेवा. यादीत तीन कोटी नोंदी बसतात, पण एका वेळी ५,००० च्या वर नोंदी चाळायला लागल्या की व्ह्यू अडतो. ज्या कॉलमवर गाळणी लावता त्यांना आधीच इंडेक्स (पटकन शोधायची सूची) करून ठेवा. भरल्या यादीवर ते करणं त्रासाचं.

आता खास आपल्या भाषेचं. हे मला कुठल्याही व्हिडिओत सापडलं नाही, अनुभवानेच कळलं.

कॉलम नवीन करताना त्याचं पहिलं नाव रोमन लिपीत, छोटं, मोकळी जागा न सोडता द्या. जतन झाल्यावर नाव बदलून मराठी करा. कारण असं, की शेअरपॉइंट प्रत्येक कॉलमचं एक आतलं नाव पहिल्यांदाच ठरवून टाकतं आणि ते पुढे कधीच बदलत नाही. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा त्या आतल्या नावात सात खुणांची होते, आणि नावाची मर्यादा ३२ खुणांची. म्हणजे चारेक अक्षरांतच जागा संपते. 'विभागाचे नाव' आणि 'विभागाचे प्रमुख' ही दोन आतली नावं मग जवळपास सारखीच होतात, आणि पुढे कधी पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या साधनात आपोआप मेल जाण्याची सोय करायला गेलात की कुठला कॉलम कुठला ते ओळखू येत नाही.

लायब्ररी आणि पानांचंही तसंच. पहिल्यांदा रोमन नाव दिलं की पत्ता छोटा राहतो, नंतर दिसणारं नाव मराठी करता येतं आणि पत्ता तोच राहतो. मराठी नावाने पान केलंत तर लिंक कॉपी करताना एकेका अक्षराच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ येते. ती नोटीस बोर्डावर छापता येत नाही आणि व्हॉट्सॲपवर कधी अर्धी तुटते.

फाइलच्या नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा चालत नाही. तारीख १२/०६ अशी लिहायची सवय असेल तर तिथेच अडाल. मी वर्ष-महिना-दिवस लिहिते, २०२४-०६-१२ असं, म्हणजे ओळीने लावल्यावर क्रमही बरोबर येतो.

जुन्या मराठी फायलींची एक वेगळी गोष्ट. युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, कृतिदेव किंवा तत्सम, टाइप केलेलं पत्र पडद्यावर मराठी दिसतं, पण आत ती रोमन अक्षरंच असतात. अशा फाइलमधला मजकूर शोधात कधीच सापडणार नाही. आमच्याकडे अशी बरीच परिपत्रकं होती. सगळी पुन्हा टाइप करणं शक्य नव्हतं. जी आजही लागू आहेत तेवढीच आम्ही युनिकोडमध्ये रूपांतरित करून, शुद्धलेखन तपासून घेतली. बाकीच्यांना एक 'विषय' कॉलम दिला आणि त्यात युनिकोडमध्ये चार शब्द लिहिले. शोधाला तेवढं पुरतं.

एसओपीसारख्या कागदांसाठी व्हर्जनिंगच्या सेटिंगमध्ये मसुद्याच्या आवृत्त्या आणि मंजुरी चालू करा. मग दुरुस्ती चालू असलेला मसुदा वाचकांना दिसत नाही, मंजूर झालेलाच दिसतो. 'फायनल', 'फायनल नवीन' हा प्रकार बंद करायचा हाच मार्ग. एकच फाइल, एकच नाव, आणि जुन्या आवृत्त्या तिच्याच पोटात. रात्रपाळीच्या त्या फोननंतर मी पहिलं काम केलं ते हे.

६. मुखपृष्ठ

पान 'वेब पार्ट' नावाच्या तुकड्यांनी बनतं. चित्रं, बातम्या, लिंका, माणसं, कार्यक्रम असे तयार तुकडे असतात. सुरुवातीला चारच वापरा.

वर 'क्विक लिंक्स': रजा, गेटपास, बस, कँटीन, एसओपी, तक्रार. मोठी चित्रं लावून, नावं दोन शब्दांची. त्याखाली बातम्या. बाजूला कार्यक्रम, त्यात सुट्ट्या: ३ डिसेंबरचं सायबाचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, चवथ, शिगमो. सुट्ट्यांची चित्रफाइल चिकटवू नका, प्रत्येक सुट्टी तारखेसह भरा, म्हणजे पुढची सुट्टी आपोआप वर येते आणि गेलेली नाहीशी होते. शेवटी फोन नंबर: १०८ रुग्णवाहिका, ११२ आणीबाणी, प्रथमोपचार पेटीच्या चाव्या कुणाकडे, दोन्ही युनिटच्या सुरक्षा कक्षाचे क्रमांक.

भाषा कुठली? १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही सरकारी कामात वापर होतो. कारखान्यात मात्र याहून गुंतागुंत असते. बोलणं कोकणीत, ग्राहकाचे कागद इंग्रजीत, घरी येणारं वर्तमानपत्र मराठी, आणि पॅकिंगला उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून आलेली मुलं जी हिंदीवर चालतात. आम्ही ठरवलं ते असं: मेनूचे शब्द इंग्रजी पण देवनागरीत, सुरक्षेच्या सूचना मराठी आणि हिंदीत चित्रांसह, एसओपी मूळ इंग्रजीत आणि शेजारी मराठी सारांश. तुमच्याकडे वेगळं ठरेल. पण ठरवा, आणि लिहून ठेवा. एका पानावर एक भाषा आणि दुसऱ्यावर दुसरी असं झालं की वाचणारा गोंधळतो.

एक सापळा इथे नव्याला हमखास पकडतो. पान दुरुस्त केलं, तुम्हाला बदल दिसतोय, बाकीच्यांना जुनंच दिसतंय. 'सेव्ह अ‍ॅज ड्राफ्ट' केलेलं वाचकांना दिसत नाही, 'पब्लिश' किंवा 'रीपब्लिश' दाबावं लागतं. पान बंद करण्याआधी वरच्या पट्टीत मसुदा असं दिसतंय का ते बघा.

आणि मोबाइलवर बघा. कारखान्यात संगणक किती जणांकडे असतो? तीन कॉलमचं सुंदर पान फोनवर एकाखाली एक लागतं आणि बसचं वेळापत्रक पार तळाला जातं. महत्त्वाचं ते डाव्या कॉलमात, वर.

७. टीम्स वापरत असाल तर

टीम्स म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गप्पा-बैठकांचं ॲप. त्यातल्या प्रत्येक टीमच्या मागे एक शेअरपॉइंट साइट असतेच. चॅनलमधल्या फायली त्या साइटच्या लायब्ररीत, चॅनलच्या नावाच्या फोल्डरमध्ये जातात. खासगी चॅनलची मात्र साइटच वेगळी. साइटवरून त्या चॅनलच्या फोल्डरचं नाव बदलू नका, टीम्समधली 'फाइल्स'ची खिडकी गोंधळते. आणि कुठलीही नवीन टीम करण्याआधी ती साइटच होते आहे हे ध्यानात ठेवून तुमच्या कागदी नकाशात बघा, अशी खोली आधीच आहे का.

८. पुसलं गेलं तर

घाबरू नका. पुसलेली फाइल साइटच्या रिसायकल बिनमध्ये जाते. तिथूनही कुणी काढली तर दुसऱ्या टप्प्याच्या बिनमध्ये. दोन्ही मिळून पहिल्यांदा पुसल्यापासून ९३ दिवस. नुसता मजकूर बिघडला असेल तर फाइलची व्हर्जन हिस्टरी उघडून जुनी आवृत्ती परत आणता येते, आवृत्त्या साधारणपणे ५०० पर्यंत राहतात. एखाद्याने लायब्ररीचाच विचका केला असेल तर 'रिस्टोअर धिस लायब्ररी' आहे, त्याने मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला अख्खी लायब्ररी नेता येते. हे शेवटचं जपून, कारण त्यानंतर इतरांनी केलेलं चांगलं कामही मागे जातं.

फायली पुसल्या जाण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र साइट नाहीच, लॅपटॉप आहे. कुणीतरी लायब्ररी वनड्राइव्हने आपल्या लॅपटॉपवर 'सिंक' करतो, म्हणजे साइटला जोडूनच लॅपटॉपवर आणतो. काही महिन्यांनी डिस्क भरते. त्याला वाटतं ही आपली प्रत आहे, आणि तो फोल्डर उडवतो. तो सगळ्यांसाठीच उडतो. जागा हवी असेल तर फोल्डरवर उजवं क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडायचं, 'डिलीट' नाही. हे वाक्य मी छापून प्रत्येक लॅपटॉपवाल्याच्या टेबलावर लावलं आहे.

९. माणसांना तिथे आणणं

ईमेलने 'नवी साइट सुरू झाली आहे' असं कळवून काही होत नाही. जिथे माणूस थांबतो तिथे साइट न्या. आम्ही गेटवर, कँटीनच्या रांगेत आणि बस थांब्यावर क्यूआर कोड लावले. पावसाळ्यात ते लॅमिनेट करून घ्या, जूनमध्ये साधा कागद दोन दिवस टिकत नाही. पहिल्या आठवड्यात कँटीनचा मेनू फक्त साइटवरच ठेवला. बाकी काही सांगावं लागलं नाही.

विभागागणिक पंधरा मिनिटं बसा. भाषण नको. प्रत्येकाच्या हातात त्याचा स्वतःचा फोन, आणि त्याने स्वतः रजेचा फॉर्म शोधून काढायचा. जिथे तो अडेल तिथे नाव बदला, जागा बदला. आमच्याकडे 'एचआर फॉर्म्स' कुणाला सापडेना, 'रजा व इतर अर्ज' केल्यावर सापडलं.

ज्यांना कंपनीचा ईमेल नाही त्यांचा प्रश्न येईलच. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन द्यायचा सल्ला कुणीतरी देईल. देऊ नका. कुणी काय बदललं याची नोंदच मग निरुपयोगी होते, आणि पासवर्ड भिंतीवर लिहिला जातो. कामगारांसाठी स्वस्तातले 'फ्रंटलाइन' परवाने असतात, त्याबद्दल ॲडमिनला विचारा. तोवर वाचायच्या गोष्टी छापून फलकावर लावा, साइटवर आणि फलकावर एकच मजकूर.

१०. दर महिन्याचा अर्धा तास

मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसते. साइट यूसेजमध्ये मागच्या ३० दिवसांत कुठली पानं उघडली गेली ते बघते. न उघडलेल्या पानाच्या मालकाला फोन करते: ठेवायचं की काढायचं? नोकरी सोडून गेलेल्यांची नावं गटांतून काढते, नव्यांची घालते. 'या महिन्यात तपासायचे' हा व्ह्यू उघडून मालकांना त्यांच्या कागदांची यादी पाठवते. चवथीच्या आधीच्या महिन्यात हे आठवडाभर आधी करते, कारण नंतर आठवडाभर कुणीच जागेवर नसतं.

सुरुवात आज करायची असेल तर संगणक बंद ठेवा आणि कागद-पेन्सिल घेऊन कँटीनपाशी जा. दुपारची पाळी बदलते ती वेळ चांगली, दोन्ही पाळ्यांची माणसं भेटतात.